सेनापती संताजी घोरपडे

इ. स. १६८९ चे वर्ष मराठ्यांच्या इतिहासात मोठ्या संकटाचे ठरले. त्या वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यात कोकणात संगमेश्वर येथे छत्रपती संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले. शेख निजाम ऊर्फ मुकर्रबखान कोल्हापूरकडून सह्याद्रीचे घाट उतरून अकस्मात चालून आला. महाराजांजवळ त्या वेळी फौज थोडी होती. त्या झटापटीत म्हाळोजी घोरपडे हा वृद्ध सरदार शत्रूला अडवीत असता धारातीर्थी पडला. पुढे ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने संभाजी महाराजांचा वध करविला. विजापूर आणि गोवळकोंडा ही दोन बलाढ्य राज्ये त्याने आधीच बुडविली होती. छत्रपती गेला, आता मराठ्यांचे राज्य बुडण्यास विलंब लागणार नाही, असे बादशहाला वाटत होते. त्याची ती अपेक्षा धुळीस मिळविण्यात ज्या मोजक्या पुरुषांचा हात होता, त्यांत म्हाळोजीचा पुत्र संताजी याचे स्थान फार वरचे आहे.

घोरपड्यांचे घराणे मूळचे भोसल्यांपैकीच. त्यांच्या एका पूर्वजाने घोरपडीच्या कमरेस दोर बांधून किल्ल्याचा अवघड कडा सर केला व तेव्हापासून घराण्यास घोरपडे हे नाव पडले, अशी परंपरागत कथा आहे. संताजीच्या शाखेचे ठाणे कागलजवळ कापशी येथे होते. बहिर्जी आणि मालोजी हे त्याचे बंधू. शिवछत्रपतींनी घालून दिलेल्या युद्धपद्धतीत हे भाऊ वाढले. घोड्याची पाठ हेच त्यांचे घर आणि डोंगरदऱ्यांच्या वाटा हीच त्यांची पाठशाळा होती. पित्याच्या मृत्यूनंतर शोक करीत बसण्यास संताजीला अवसर नव्हता. राज्य सावरण्याचे काम समोर उभे होते.

राजधानी रायगड मोगलांच्या वेढ्यात अडकली होती. संभाजी महाराजांच्या राणी येसूबाई यांनी दूरदृष्टीने राजाराम महाराजांना गडाबाहेर पाठविले. प्रतापगड, पन्हाळा असा मुक्काम करीत ते दक्षिणेकडे निघाले आणि अनेक संकटांतून पार पडून तमिळ देशातील जिंजीच्या किल्ल्यात पोहोचले. मागे नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला. येसूबाई आणि बाल शाहू शत्रूच्या कैदेत गेले. अशा वेळी महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंत अमात्य यांनी हुकूमतपनाह या अधिकाराने सांभाळला आणि शंकराजी नारायण यांनी त्यांना साहाय्य केले. फौजेचा भार मुख्यत्वे संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव या दोघांनी उचलला. राजा शेकडो कोस दूर, खजिना रिकामा आणि बहुतेक ठाणी शत्रूच्या हाती, अशा स्थितीत या दोन सरदारांनी जो पराक्रम केला, त्याला तोड नाही.

त्या काळची एक धाडसाची गोष्ट बखरीत सांगितली आहे. संभाजी महाराजांच्या वधानंतर भीमेच्या काठी बादशहाची प्रचंड छावणी पडली होती. एका अंधाऱ्या रात्री संताजी आपल्या निवडक स्वारांनिशी त्या छावणीत शिरला. विठोजी चव्हाण आणि संताजीचे दोघे बंधू त्याच्या बरोबर होते. थेट बादशहाच्या डेऱ्यापर्यंत पोहोचून त्यांनी डेऱ्याचे तणावे तोडले, वरचे सोन्याचे कळस कापून घेतले आणि पहारेकरी सावध होईपर्यंत ते निसटून गेले. बादशहा त्या वेळी त्या डेऱ्यात नव्हता, म्हणून तो वाचला असे सांगतात. या पराक्रमाबद्दल राजाराम महाराजांनी संताजीला ममलकतमदार, बहिर्जीला हिंदूराव, मालोजीला अमीर-उल-उमराव आणि विठोजी चव्हाणाला हिंमतबहादूर असे किताब दिले. बादशहा अजिंक्य आहे, ही भीती लोकांच्या मनातून काढून टाकण्यास अशा एका रात्रीचा उपयोग मोठ्या लढाईइतका झाला.

संताजीच्या यशाचे मर्म कळण्यासाठी दोन्ही फौजांची घडण ध्यानात घेतली पाहिजे. मोगलांची फौज म्हणजे एक चालते नगर होते. तोफा, हत्ती, उंट, बाजार, जनानखाना आणि असंख्य नोकरचाकर यांच्या ओझ्याने ती दिवसाकाठी थोडेच कोस चालू शके. सरदाराचा मुक्काम पुढे हलवावयाचा असला, म्हणजे त्याचे तंबू व सामानसुमान एक मजल आधी रवाना होई. त्यास पेशखाना म्हणत. मराठा स्वाराजवळ मात्र तलवार, भाला, एक घोंगडी आणि पडशीत थोडे धान्य एवढेच असे. त्याचे घोडे उंचीने लहान, पण काटक. कोरड्या चाऱ्यावर दौड करणारे. शत्रू सावध असला की त्याने पांगावे, शत्रू थकला की एकवटून घाला घालावा, रसद तोडावी आणि मोठी फौज चालून येण्यापूर्वी दिसेनासे व्हावे, ही गनिमी काव्याची रीत सर्वच मराठे सरदार जाणत होते. संताजीचे वैशिष्ट्य असे, की तो केवळ लूट करून पळून जात नसे. हजारो स्वारांच्या वेगवेगळ्या टोळ्या दूरदूरच्या वाटांनी नेऊन ठरल्या वेळी ठरल्या जागी आणण्याचे कौशल्य त्याच्या ठायी होते. त्यामुळे शत्रूला नुसता त्रास न होता त्याचा समूळ पराभव होई.

याचा पहिला मोठा प्रत्यय २५ मे १६९० रोजी साताऱ्याजवळ आला. विजापूरचा जुना नामांकित सरदार सर्जाखान हा मोगलांकडे जाऊन रुस्तुमखान झाला होता. सातारा घेण्याच्या हेतूने तो त्या भागात वावरत होता. संताजी, धनाजी, रामचंद्रपंत आणि शंकराजी यांनी मिळून त्याला गाठले. दिवसभराच्या झुंजीत त्याच्या फौजेची धूळधाण झाली. खान स्वतः जखमी होऊन कुटुंबासह कैद झाला आणि जबर खंडणी भरल्यावर त्याची सुटका झाली. ज्याच्या नावाचा दक्षिणेत दरारा होता, असा सेनानी मराठ्यांनी उघड्या मैदानात पकडला, ही वार्ता सह्याद्रीच्या खोऱ्याखोऱ्यांतून पसरली. प्रतापगड, रोहिडा, राजगड आणि तोरणा हे किल्ले त्याच वर्षी पुन्हा मराठ्यांच्या हाती आले. पुढे इ. स. १६९१ च्या सुमारास संताजी सेनापती झाला.

इकडे महाराष्ट्रात मराठे डोके वर काढीत असता तिकडे जिंजीस झुल्फिकारखानाचा वेढा पडला होता. राजाच हाती लागला तर सारे युद्ध संपेल, हे बादशहा जाणून होता. म्हणून इ. स. १६९२ च्या अखेरीस संताजी आणि धनाजी सुमारे ३०,००० स्वार घेऊन दक्षिणेत उतरले. १३ डिसेंबर रोजी कावेरीपाकजवळ कांचीचा फौजदार अलीमर्दानखान संताजीला आडवा आला. मराठ्यांच्या संख्येची त्याला कल्पना नव्हती. संताजीने त्याला घेरून हत्ती-घोड्यांसह पकडले व एक लाख होन घेऊन सोडले. धनाजीने जिंजीसमोर इस्माईलखान मका यास कैद केले. वेढा घालणारेच आता वेढ्यात सापडले. त्यांना धान्य मिळेना, बादशहाच्या छावणीकडील बातमी मिळेना. शाहजादा कामबक्ष आणि झुल्फिकारखान यांच्यात बेबनाव होऊन खानाने शाहजाद्यालाच नजरकैदेत ठेवले. शेवटी जानेवारी १६९३ मध्ये वेढा उठवून मोगलांना वांदिवाशकडे माघार घ्यावी लागली. राजा वाचला आणि राज्यही वाचले.

या वेळी संताजीची कीर्ती शिखरास पोहोचू लागली होती. परंतु ज्या स्वभावामुळे ती मिळाली, त्याच स्वभावाने त्याच्या मार्गात काटेही पेरले होते. संताजीची शिस्त अत्यंत कडक होती. हुकूम मोडणे, वेळेवर न पोहोचणे, रणात पाऊल मागे घेणे या गोष्टी त्याला मुळीच खपत नसत. लहानशा अपराधासही तो कठोर शिक्षा करी. अपराध्याला हत्तीच्या पायी देण्यासही तो कचरत नसे. पांगून लढणाऱ्या स्वारांकडून ठरल्या घटकेस काम करून घ्यावयाचे, तर धाक हवाच, असे त्याचे मत असावे. पण ज्यांच्यावर तो हा धाक चालवीत होता, ते सरदार शिवछत्रपतींच्या काळाप्रमाणे दरमहा वेतन घेणारे नोकर राहिले नव्हते. खजिना रिकामा असल्यामुळे राजाराम महाराजांना सरदारांस वतने आणि सरंजाम द्यावे लागले. ज्याने आपल्या बळावर स्वार जमवावे, त्याने मुलूख जिंकून त्यावर फौज पोसावी, असा प्रकार सुरू झाला होता. औरंगजेबही वतनाची आणि मनसबीची लालूच दाखवून मराठे सरदार फोडीत होता. अशा मानी सरदारांस सेनापतीचा कठोर शब्द सहन होणे अवघड होते.

धनाजी जाधवाची प्रकृती याहून निराळी होती. जिजाबाईंच्या माहेरच्या जाधव घराण्यात जन्मलेला धनाजी पराक्रमात कोणास हार जाणारा नव्हता. शिवाय तो बोलण्यात मृदू, माणसे जोडणारा आणि हाताखालच्यांस सांभाळून घेणारा होता. संताजीचे स्वार त्याच्या धाकाने लढत, तर धनाजीचे त्याच्या लोभाने लढत. हे दोघे एकमेकांस पूरक होते, तोवर मोगलांना त्यांच्यापुढे उभे राहता आले नाही. पण सेनापतिपद एकच होते आणि दोघांनाही आपला अधिकार मोठा वाटत होता. दरबारातील मंडळींनी हे अंतर मिटविण्याऐवजी वाढविले. मे १६९३ मध्ये जिंजीस राजाराम महाराज आणि संताजी यांचा पहिला उघड खटका उडाला व संताजी रागावून महाराष्ट्राकडे निघून आला. पुढे समेट झाला, तरी मनातील अढी गेली नाही.

संताजीच्या युद्धकौशल्याचा परमोत्कर्ष नोव्हेंबर १६९५ मध्ये दोड्डेरी येथे दिसून आला. हे गाव कर्नाटकात चित्रदुर्गाच्या पूर्वेस आहे. लूट घेऊन परतणाऱ्या संताजीची वाट अडवावी, असा हुकूम बादशहाने शिऱ्याचा सुभेदार कासीमखान यास दिला. त्याच्या मदतीस खानाजादखान याच्या हाताखाली नामांकित सरदार आणि निवडक फौज पाठविली. या पाहुण्यांचा सत्कार करावा, म्हणून कासीमखानाने अदोनीहून सोन्याचांदीची भांडी आणविली आणि उंची तंबू पुढच्या मुक्कामी रवाना केले. संताजीच्या हेरांनी ही बातमी त्याला तत्काळ पोहोचविली.

संताजीने आपल्या फौजेचे तीन भाग केले. पहिल्याने पेशखान्यावर तुटून पडावे, दुसऱ्याने मदतीस येणाऱ्या फौजेस अडवावे आणि तिसऱ्याने दबा धरून संधीची वाट पाहावी, अशी योजना ठरली. पहाटे पेशखाना लुटला गेल्याचे कळताच कासीमखान घाईने पुढे धावला आणि वाटेत दुसऱ्या तुकडीशी गुंतला. गलबला ऐकून खानाजादखान आपला तळ मागे टाकून त्याच्या साहाय्यास निघाला. नेमक्या त्याच वेळी तिसऱ्या तुकडीने त्या मोकळ्या तळावर झडप घालून सर्व काही लुटून नेले. चित्रदुर्गाच्या बरमाप्पा नायकाचे बंदुकबाज पायदळही संताजीस मिळाले होते. त्यांच्या गोळीबारापुढे मोगल स्वारांची मोठी हानी झाली. पुढे तंबू नाहीत, मागे तळ नाही, अशा अवस्थेत लढत लढत मोगलांनी दोड्डेरीच्या लहानशा गढीचा आश्रय घेतला.

गढीतील धान्याचा साठा पाहता पाहता संपला. मोगल इतिहासकार खाफीखान याने तेथील दैन्याचे वर्णन केले आहे. जनावरे भुकेने व्याकूळ होऊन एकमेकांच्या शेपट्या गवत समजून चावू लागली, असे तो लिहितो. कासीमखानास अफूचे व्यसन होते. अफू न मिळाल्याने तो गढीतच मरण पावला. अपमान टाळण्यासाठी त्याने विष घेतले असेही काहींनी लिहून ठेवले आहे. अखेर खानाजादखानाने तहाचे बोलणे लावले. सर्व रोकड, हत्ती, घोडे आणि सामान देऊन शिवाय वीस लाख रुपयांची खंडणी भरण्याचे त्याने कबूल केले. एवढ्या मोठ्या फौजेचे प्राण त्या क्षणी संताजीच्या मुठीत होते. पित्याचा मृत्यू आणि छत्रपतींचा वध हे दोन्ही तो विसरला नव्हता. तरीही शरण आलेल्यांची त्याने कत्तल केली नाही. गढीबाहेर पडणाऱ्या भुकेल्या शिपायांना मराठ्यांनी भाकरी आणि पाणी दिले आणि आपल्या स्वारांच्या पहाऱ्यात त्यांना सुखरूप वाटेस लावले. अतिशय कठोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पुरुषाच्या चरित्रातील हा प्रसंग विसरण्यासारखा नाही.

कासीमखानाच्या मदतीस निघालेला हिंमतखान बसवापट्टण येथे होता. संताजी त्याच्यावर चालून गेला. २० जानेवारी १६९६ रोजी झालेल्या लढाईत हिंमतखानाच्या कपाळी गोळी लागून तो ठार झाला. दोन महिन्यांच्या आत बादशहाचे दोन मोठे सेनानी नाहीसे झाले. भीमेच्या काठी ब्रह्मपुरीच्या छावणीत बसलेल्या बादशहाजवळ संताजीवर पाठविण्यास धजणारा सरदार उरला नाही. संताजीशी गाठ पडली, तर मरण, जखमा किंवा कैद यांवाचून चौथी गती नाही, असा समज मोगल फौजेत पसरल्याचे त्यांच्याच इतिहासकारांनी नमूद केले आहे.

ज्याला शत्रू जिंकू शकला नाही, त्याला अंतःकलहाने जिंकले. या विजयानंतर संताजी जिंजीकडे गेला. तेथे धनाजीशी असलेला त्याचा वाद विकोपाला पोहोचला. राज्य आपण राखले, तेव्हा आपला शब्द सर्वांनी मानला पाहिजे, अशी संताजीची धारणा होती. सेनापतीने राजाला आज्ञा कराव्या, हे राजास आणि प्रधानांस कसे रुचावे? संताजीच्या कठोरपणाने दुखावलेले सरदार धनाजीभोवती जमले. स्वतः राजाराम महाराजांनीही धनाजीचा पक्ष घेतला. जून १६९६ च्या सुमारास आयेवारगुडी येथे मराठ्यांच्या दोन फौजा परस्परांसमोर उभ्या राहिल्या. एका बाजूस छत्रपती आणि धनाजी, दुसऱ्या बाजूस सेनापती संताजी. काल एका ताटात जेवलेले स्वार त्या दिवशी एकमेकांवर तलवारी चालवू लागले.

त्या लढाईतही संताजीचाच जय झाला. धनाजीला रण सोडून महाराष्ट्राकडे जावे लागले. धनाजीच्या पक्षाचा अमृतराव निंबाळकर हा तरुण सरदार पकडला गेला आणि संताजीने त्याला हत्तीच्या पायी देऊन ठार मारले. राजाराम महाराजही त्याच्या हाती सापडले. परंतु दुसऱ्या दिवशी संताजी आपले हात रुमालाने बांधून त्यांच्यासमोर उभा राहिला, अशी हकीकत सांगतात. आपण पूर्वीसारखाच एकनिष्ठ सेवक आहोत, आपला रोष धनाजीवर होता, स्वामींवर नव्हे, असे निवेदन करून त्याने राजास सन्मानाने मुक्त केले. राजावर शस्त्र धरण्याची मर्यादा त्याने ओलांडली होती. पण राज्य बळकावण्याचा विचार त्याच्या मनास शिवला नाही. शरण आलेल्या मोगलांस अभय देणारा संताजी स्वकीयांतील एका तरुणाच्या बाबतीत मात्र निर्दय झाला. अमृतरावाचे ते रक्त पुढे त्याच्याच अंगावर आले.

या घटनेनंतर सेनापतिपद संताजीकडून निघून धनाजीकडे गेले. संताजी महाराष्ट्रात परतला आणि ते युद्धही त्याच्या मागोमाग महाराष्ट्रात आले. मार्च १६९७ मध्ये धनाजी आणि हणमंतराव निंबाळकर यांनी त्याला पुन्हा गाठले. या वेळी मात्र रण सुरू होण्यापूर्वीच निकाल लागल्यासारखा झाला. संताजीच्या शिक्षांनी विटलेले त्याचे पुष्कळ सरदार धनाजीस जाऊन मिळाले. ज्याच्या आज्ञेने हजारो घोडे एका दिशेस वळत, त्याच्या मागे मूठभर माणसे उरली. त्यांना घेऊन तो शंभू महादेवाच्या डोंगरांकडे निघाला.

तो मुलूख म्हसवडच्या माने घराण्याचा होता. नागोजी माने हा त्या घराण्याचा प्रमुख. तो काही काळ मराठ्यांच्या, तर काही काळ मोगलांच्या बाजूस राहिलेला होता. त्याची पत्नी हत्तीच्या पायी गेलेल्या अमृतराव निंबाळकराची बहीण होती. भावाच्या वधाचे शल्य तिच्या अंतःकरणात होते आणि सूड घेण्यासाठी तिने पतीस प्रवृत्त केले. नागोजी संताजीच्या मागावर राहिला. जून १६९७ मध्ये कारखेलच्या परिसरात थकलाभागला संताजी एका ओढ्यावर स्नान करीत असता नागोजीने त्याच्यावर घाला घातला. अंगावर चिलखत नाही, हाती तलवार नाही, जवळ घोडा नाही, अशा स्थितीत तो वीर मारला गेला. आयुष्यभर शत्रूला बेसावध गाठणाऱ्या सेनानीचा अंत तो स्वतः बेसावध असता झाला.

नागोजीने त्याचे मस्तक कापून खुर्जीत घातले. वाटेत ते पडले व मोगल सरदार फिरोजजंग याच्या हेरांना सापडले, असे खाफीखान सांगतो. फिरोजजंगाने ते बादशहाकडे पाठविले. ही वार्ता आणणाऱ्यास बादशहाने खूशखबरखान असा किताब दिला आणि ते मस्तक छावणीत व दक्षिणेतील शहरांत मिरवावे, अशी आज्ञा केली. लाखोंची फौज आणि कोट्यवधींचा खजिना खर्चून जे साधले नव्हते, ते मराठ्यांच्या आपसातील वैराने बादशहाच्या पदरात आपोआप टाकले.

या मृत्यूची किंमत राज्यास द्यावी लागली. इ. स. १६९८ च्या आरंभी जिंजीचा किल्ला मोगलांनी घेतला. राजाराम महाराज तत्पूर्वी निसटले आणि विशाळगडास सुखरूप पोहोचले. परंतु पूर्वीप्रमाणे वेढ्याच्या पाठीवर येऊन पडणारा संताजी या वेळी नव्हता. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर निधन पावले. त्यांच्यामागे महाराणी ताराबाई यांनी धैर्याने लढा चालू ठेवला. धनाजीनेही सेनापती म्हणून मोठी कामगिरी केली. इ. स. १७०७ मध्ये औरंगजेब दक्षिणेतच मरण पावला आणि मराठ्यांचे राज्य बुडविण्याचा त्याचा मनोरथ त्याच्याबरोबर मातीस मिळाला. राज्य टिकले, ही गोष्ट खरी. परंतु त्याच वर्षी शाहू महाराज सुटून आल्यावर ताराबाईंशी त्यांचे युद्ध जुंपले आणि पुन्हा मराठेच मराठ्यांशी लढू लागले. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. तो वाद मिटण्यास इ. स. १७३१ चा वारणेचा तह व्हावा लागला. संताजीच्या अंतापासून घेण्यासारखा धडा त्या पिढीने घेतला नाही.

संताजीचे नाव मात्र त्याच्या माणसांनी राखले. नारो महादेव जोशी नावाचा एक गरीब ब्राह्मण मुलगा कोकणातून कापशीस येऊन संताजीच्या पदरी वाढला होता. धन्याच्या मृत्यूनंतर सर्वांनी पाठ फिरविली असता तो त्याच्या कुटुंबास सोडून गेला नाही. त्याने त्याच्या मुलांचा सांभाळ केला, त्यांची दौलत राखली आणि कृतज्ञतेने स्वतः घोरपडे हे आडनाव धारण केले. इचलकरंजीचे घोरपडे घराणे ते त्याचेच. याच घराण्याचे उपाध्याय हरभट पटवर्धन. त्यांचे पुत्र पुढे मोठे सरदार झाले आणि त्यांपैकी त्रिंबक हरी यांच्या शाखेकडे कुरुंदवाड आले. ते संस्थान इ. स. १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत पटवर्धनांकडे होते. अशा रीतीने संताजीच्या आश्रयास आलेल्या एका मुलाच्या निष्ठेतून या परिसरातील दोन संस्थानांचा इतिहास सुरू झाला. ज्या कठोर सेनापतीस त्याच्या सरदारांनी सोडले, त्याच्यावर असे जिवापाड प्रेम करणारी माणसेही होती, हे त्याचे चरित्र वाचताना ध्यानात ठेवले पाहिजे.

कापशीच्या घराण्याकडे सेनापती हा किताब वंशपरंपरेने राहिला. आजही त्या गावास सेनापती कापशी असेच म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांचा संगम होतो. एका तीरास नृसिंहवाडीचे दत्तक्षेत्र आहे आणि दुसऱ्या तीरास कुरुंदवाड. त्या कुरुंदवाडास, संगमाच्या घाटाजवळ, संताजी घोरपड्याची समाधी दाखवितात. पावसाळ्यात दोन्ही नद्यांचे पाणी चढते, घाट बुडून जातो आणि पूर ओसरला म्हणजे तेथील दगड पुन्हा उघडे पडतात.

संताजीचे शौर्य असामान्य होते, याविषयी त्याच्या शत्रूंनाही शंका नव्हती. त्याच्या अंगी स्वामिनिष्ठा होती आणि शरणागताविषयी औदार्यही होते. उणीव होती ती स्वकीयांच्या अपराधांस क्षमा करण्याची. तथापि सारा दोष एकट्या संताजीच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. अशा दुर्मिळ गुणांचा पुरुष राज्याच्या कामी कसा टिकवावा, त्याच्या तीक्ष्णपणास आवर कसा घालावा, हे दरबारासही साधले नाही. तलवारीस म्यान लागते, ते तिची धार जपण्यासाठी आणि ती बाळगणाऱ्याचा हात कापू नये म्हणूनही. मराठ्यांच्या राज्याजवळ त्या वेळी तलवार होती. तिला साजेसे म्यान मात्र नव्हते.